माजघराचा उंबरठा

कोणती गोष्ट चारचौघांत सांगावयाची आणि कोणती घरातच ठेवावयाची हे ज्याला उमगते, त्याला आपल्याकडे जाणता म्हणतात. एवढे उमगण्यासाठी लोक आयुष्यभर ठेचा खातात. मला मात्र नेमके याच कामासाठी महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो. पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी पुस्तके लिहिते. पुस्तके म्हणजे कथा-कादंबऱ्या नव्हेत; आमच्या कंपनीने केलेली संगणकप्रणाली बाहेरच्यांनी कशी वापरावी हे सांगणारी पुस्तके. आता ती कागदावर छापीत नाहीत, पडद्यावरच वाचतात. पण सवयीने मी त्यांना पुस्तकेच म्हणते. माझी नोकरी नेमकी कशाची हे माझ्या आईला शेवटपर्यंत कळले नाही. शेजारणीने विचारले की ती सांगे, "यंत्रांच्या पोथ्या लिहिते हो ती." इतके नेमके वर्णन माझ्या नेमणूकपत्रातसुद्धा नाही.

पोथी लिहिणे त्या मानाने सोपे. अवघड असते ते पोथीत काय घालावयाचे नाही हे ठरविणे.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगितले पाहिजेत. कोणतीही प्रणाली म्हणजे शेकडो लहानसहान कामांची मोट असते. प्रत्येक कामाला एक नाव असते. ते नाव घेतले की यंत्र ते काम करून देते. त्याला फंक्शन म्हणतात. या दोन तारखांमधले दिवस मोज, हे एक फंक्शन. एवढ्या दिवसांचे या दराने व्याज काढ, हे दुसरे. यांतली काही कामे बाहेरच्या माणसाने सांगावीत म्हणूनच केलेली असतात. बाकीची आतल्याआत एकमेकांना हात देण्यासाठी असतात. पहिली ओसरीवरची, दुसरी माजघरातली. पुस्तकात यावयाची ती ओसरीवरची. ऐकायला हे किती सरळ वाटते! पण ज्या घरात माणसे वर्षानुवर्षे नांदली, ज्याच्या भिंती कुणी पाडल्या, कुणी वाढविल्या, त्या घरात ओसरी कोठे संपते आणि माजघर कोठे सुरू होते हे पाहुण्याला कसे कळावे? पुष्कळदा ते घरच्यांनाही सांगता येत नाही.

गेल्या वर्षी आमच्या एका जुन्या प्रणालीची नवी आवृत्ती काढावयाचे ठरले. पतसंस्था आणि लहान सहकारी बँका यांचे व्याज, हप्ते, लाभांश मोजणारी ही प्रणाली. ती पायथन या भाषेत लिहिलेली आहे, आणि तिच्या पोटातला मजकूर गिऱ्हाइकाला उघडा दिसतो. पायथन लिहिणाऱ्यांत एक संकेत रूढ आहे. जे नाव घरातल्या वापराचे, त्याच्या आरंभी एक अधोरेषा काढावयाची. ही रेषा म्हणजे कुलूप नव्हे. जुन्या वाड्यांत माजघराच्या दाराला पडदा असे, तशी ती. पलीकडे कुणी जाऊ नये ही अपेक्षा. गेलाच कुणी, तर अडविणारे कोणी नाही. आम्ही मोजली तेव्हा अशी रेषेची नावे ४१ भरली. यांतली किती पुस्तकात घ्यावयाची हे ठरविण्यासाठी आम्हां चौघांची बैठक बसली.

विक्री खात्याचे गृहस्थ म्हणाले, सगळीच घ्या. पुस्तक भरगच्च दिसले की गिऱ्हाइकाला बरे वाटते. आमचे वरिष्ठ, ज्यांनी या प्रणालीची पहिली वीट ठेवली होती, म्हणाले, एकही घेऊ नका. जे आतले ते आतले. जिच्या हाती आज ही प्रणाली आहे ती मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. ती बैठकीत काहीच बोलली नाही. चहाच्या वेळी मात्र माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मॅडम, तुम्ही एक पान लिहिता. ते मला दहा वर्षं पाळावं लागतं."

तिचे म्हणणे खरे होते. पुस्तकात छापलेले प्रत्येक नाव म्हणजे दर्शनी हुंडी. ती घेऊन कुणीही, कधीही आमच्या पेढीवर येऊन उभा राहील आणि रक्कम मोजून घेईल. हुंडीवर सही माझी, पैसे चुकते करावयाचे तिने. न छापलेल्या नावांच्या बाबतीत ती मोकळी असते. आज एक तऱ्हा, उद्या दुसरी. जुने मोडून नवे करता येते, आणि प्रणाली चांगली राहते ती अशा मोडण्यामुळेच.

या तिच्या बाजूला आमच्या शास्त्रात मोठा आधार आहे. १९७२ साली डेव्हिड पार्नस यांनी एक लेख लिहून असे मांडले की प्रणालीचे भाग पाडताना कामाचा क्रम पाहू नये. कोणता निर्णय पुढे बदलण्याचा संभव आहे ते पाहावे, आणि असा प्रत्येक निर्णय एकेका भागाच्या पोटात दडवून ठेवावा. म्हणजे तो बदलला तरी शेजारच्यांना धक्का लागत नाही. फ्रेडरिक ब्रूक्स हे आयबीएमच्या एका प्रचंड प्रणालीचे सूत्रधार होते. त्यांनी १९७५ साली आपले अनुभव पुस्तकात लिहिले, तेव्हा त्यांचा कल उलट होता. काम करणाऱ्या प्रत्येकाला सगळे दिसावे, अशी त्यांची पद्धत होती. वीस वर्षांनी, १९९५ साली त्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. तीत त्यांनी स्वच्छ लिहिले की पार्नस बरोबर होते आणि मी चूक होतो. मोठ्या माणसाने इतक्या थोड्या शब्दांत इतके मोठे काही परत घेतल्याची उदाहरणे आपल्या पाहण्यात फारशी येत नाहीत.

तेव्हा दडविणे हा काही कोतेपणा नव्हे. तो पुढच्या बदलासाठी राखलेला अवकाश आहे, हे मला मान्य होते. बैठक बहुधा वरिष्ठांच्या मताने संपली असती. पण त्याच आठवड्यात तालुक्याच्या एका गावाहून पत्र आले.

पत्र एका पतसंस्थेतल्या कारकुनाचे होते. नव्या आवृत्तीचा नमुना आम्ही काही संस्थांना चाचणीसाठी दिला होता. या गृहस्थांनी गेल्या वर्षीची लाभांशाची यादी नव्या प्रणालीवर पुन्हा काढून पाहिली, तर बेरीज जुळेना. फरक फार नव्हता. चार हजार सभासदांत मिळून काही रुपयांचा. पण त्यांनी एकेक नाव पडताळून कारण शोधून काढले होते. लाभांशाच्या पावत्या काढण्यासाठी त्यांनी स्वतःच एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. रात्री मुलाच्या पुस्तकावरून पायथन शिकून! त्या प्रोग्रॅमात पैशांचे पूर्णांकन करण्यासाठी त्यांनी आमचे एक फंक्शन वापरले होते. नावाआधी अधोरेषा असलेले.

मी त्यांना फोन केला. "ताई," ते म्हणाले, "एक पैसा कुणाला नको असतो हो. पण गेल्या साली बारा रुपये तेरा पैसे आणि औंदा त्याच हिशेबाला बारा रुपये बारा पैसे, असा कागद निघाला, तर वार्षिक सभेत उभं कोण राहणार? मीच ना?"

घडले होते ते असे. समजा, एखाद्या सभासदाच्या नावे बारा रुपये आणि साडेबारा पैसे निघाले. अर्ध्या पैशाचे काय करावयाचे? शाळेत आपल्याला शिकविलेले असते की अर्धा असला तर वर घ्या. तेव्हा तेरा पैसे. पण दर वेळी वरच घेत गेले तर मोठ्या यादीत बेरीज थोडी फुगते. म्हणून दुसरी एक रीत आहे, की अर्धा आला तर जवळच्या सम अंकाकडे जावे. साडेबाराचे बारा, पण साडेतेराचे चौदा. कधी खाली, कधी वर. सरासरीने काटा मधोमध राहतो. पायथन भाषेच्या दुसऱ्या पिढीत अंगभूत पूर्णांकन पहिल्या रीतीचे होते. २००८ साली आलेल्या तिसऱ्या पिढीत ते दुसऱ्या रीतीचे झाले. १ जानेवारी २०२० पासून दुसऱ्या पिढीची देखभाल थांबली. तेव्हा आमची प्रणालीही तिसऱ्या पिढीत आली होती, आणि गिऱ्हाइकांच्या खात्यांतले पैसे हलू नयेत म्हणून कुणीतरी आतमध्ये जुन्या रीतीचे एक फंक्शन लिहून ठेवले होते. आमच्या मुलीने नव्या आवृत्तीत ते काढून सम अंकाची रीत घातली. गणिताने पाहिले तर तिचेच बरोबर. माजघरातले भांडे, तिने घासून फळीवर दुसऱ्या जागी ठेवले, एवढेच.

"पण त्यांनी ते वापरायलाच नको होतं," वरिष्ठ म्हणाले. "रेषा कशासाठी काढली होती?"

यावर मला काही दिवस विचार करावा लागला. रेषा होती हे खरे. पण ओसरीवर त्यांना हवी ती वस्तू आम्ही ठेवलीच नव्हती हेही खरे. व्याज काढून देणारे फंक्शन पुस्तकात होते, आणि ते आतल्याआत पूर्णांकन करीत असे. नुसते पूर्णांकन हवे असेल तर ते कोठे मिळेल, याचा पुस्तकात शब्द नव्हता. संस्थेचे व्याज एका रीतीने आणि लाभांश दुसऱ्या रीतीने निघू नये, एवढी साधी, प्रामाणिक गरज त्या माणसाची होती. तहानलेला पाहुणा ओसरीवर घागर नसेल तर आत डोकावतोच. त्याला चोर म्हणता येत नाही.

आणि असे डोकावणे एकट्यादुकट्याचे नसते. मुंबईच्या लोकलने रोज जाणाऱ्याला पाहा. कोणता डबा पुलाच्या जिन्यासमोर येतो हे त्याला पाठ असते. फलाटावर तो नेमक्या त्याच फरशीवर उभा राहतो. रेल्वेने त्याला हे वचन कधीही दिलेले नाही. वेळापत्रकात गाडीची वेळ असते, डब्याची फरशी नसते. तरी बारा डब्यांची गाडी पंधरा डब्यांची होते आणि जिन्यासमोर भलताच डबा येतो, तेव्हा त्याला फसविल्यासारखे वाटते. गूगलमध्ये काम करीत असताना हायरम राइट यांनी हेच निरीक्षण संगणकाच्या भाषेत मांडले, आणि ते त्यांच्या नावाने नियम म्हणून प्रसिद्ध झाले आहे. वापरणारे पुरेसे झाले म्हणजे तुम्ही काय लिहून दिले होते याला फारसा अर्थ राहत नाही. तुमच्या प्रणालीची जी जी लकब दिसते, तिच्यावर कुणीना कुणी तरी विसंबलेला असतो, असा त्याचा आशय.

ही अडचण आमचीच आहे असे नाही. थोरामोठ्यांच्या घरीही ती आली आणि प्रत्येकाने ती वेगळ्या तऱ्हेने निस्तरली. डॉस या प्रणालीच्या पुस्तकात काही क्रमांकांपुढे नुसते 'राखीव' असे लिहिलेले असे. पण पडद्याआड दबा धरून बसणारे छोटे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना त्या राखीव क्रमांकांवाचून गत्यंतर नव्हते. ते क्रमांक शोधून काढीत, एकमेकांना सांगत. १९९० साली अँड्र्यू शुलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या न लिहिलेल्या गोष्टींचेच एक जाडजूड पुस्तक काढले. ज्या पानांवर मालकाने मौन पाळले ती पाने परक्यांनी लिहिली. पुढे हे प्रकरण व्याकरणापुरते राहिले नाही. मायक्रोसॉफ्टविरुद्ध अमेरिकन सरकारने १९९८ साली खटला भरला, आणि २००२ सालच्या निकालात विंडोजमधली काही आतली दारे इतर कंपन्यांना लिहून द्यावीत असे बंधन आले. २००४ साली युरोपीय आयोगानेही तसाच आदेश दिला. आपल्या माणसांना माजघरातून वाट आणि परक्यांना ओसरीवर बसविणे, असा संशय एकदा आला की पडद्याचा प्रश्न कचेरीत जातो.

जावा भाषेची गोष्ट निराळी. तिच्यात एका आतल्या भागाचे नावच 'अनसेफ' म्हणजे असुरक्षित असे ठेवले होते. याहून स्पष्ट पाटी ती काय लावावयाची? तरीही वेगाच्या ओढीने कितीतरी नामांकित लायब्रऱ्या त्याच्यावर उभ्या राहिल्या. जावाची नववी आवृत्ती २०१७ साली आली, तेव्हा बहुतेक आतले भाग बंद करण्यात आले. पण हे असुरक्षित दार मात्र 'आधार नसलेले' अशी नवी पाटी लावून उघडेच ठेवावे लागले. ते बंद केले असते तर अर्धे गाव बाहेर पडले असते.

आणि पायथनने काय केले? तिच्यात शब्दकोशासारखी एक रचना आहे. २०१६ च्या डिसेंबरात आलेल्या आवृत्तीत तिची आतली मांडणी जागा वाचविण्यासाठी बदलली, आणि तिचा आनुषंगिक परिणाम असा झाला की नोंदी ज्या क्रमाने घातल्या त्याच क्रमाने परत मिळू लागल्या. पुस्तकात सांगितले होते की यावर विसंबू नका. पण लोक विसंबणारच हे दिसत होते. वर्षभरात, २०१७ च्या डिसेंबरात, भाषेचे जनक गीडो व्हान रॉसम यांनी निर्णय दिला की हा क्रम आता भाषेचा नियम समजावा. २०१८ च्या आवृत्तीपासून ते वचन झाले. माजघरातली सून ओसरीवर आली आणि कर्ती झाली, असे म्हणा.

या तीन घरांच्या तीन रीती मी बैठकीत सांगितल्या. वरिष्ठ हसले. "म्हणजे सगळं उघडं करायचं म्हणता?" त्यांनी विचारले. मला तसे म्हणावयाचे नव्हते.

मी मूळची संस्कृतची विद्यार्थिनी. पोटासाठी या धंद्यात आले. त्यामुळे अडले म्हणजे मला पाणिनी आठवतो. धातुपाठात 'कृ' हा धातू नुसता 'कृ' म्हणून येत नाही. तो 'डुकृञ्' असा दिलेला आहे. बोलताना हा 'डु' आणि हा 'ञ्' कुणी उच्चारीत नाही. ते अनुबंध आहेत. काम झाले की गळून पडतात. 'ञ्' सांगतो की या धातूची रूपे परस्मैपदात आणि आत्मनेपदात, दोन्हीकडे होतात. 'डु' सांगतो की याला एक विशिष्ट प्रत्यय लागू शकतो, आणि त्याच्याच पुण्याईने 'कृत्रिम' हा शब्द सिद्ध होतो. आपण दिवसातून दहादा कृत्रिम म्हणतो, 'डु'चे नावही घेत नाही. घेण्याचे कारणच नाही. पण जो व्याकरण चालवितो, त्याला 'डु' माहीत नसून चालत नाही. म्हणून पाणिनीने तो लपविलाही नाही. त्याने तो योग्य ठिकाणी, योग्य वाचकासाठी लिहून ठेवला.

रेल्वेचेही असेच आहे. प्रवाशांचे वेळापत्रक निराळे आणि गाडी चालविणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी छापलेले वेळापत्रक निराळे. दुसऱ्यात वेगाच्या मर्यादा असतात, प्रवाशाला नको असलेले पुष्कळ काही असते. ते गुपित म्हणून वेगळे नाही. त्याचा वाचक वेगळा म्हणून ते वेगळे.

तेव्हा आतल्या ४१ नावांबद्दल लिहावयाचे की नाही, हा प्रश्नच मला बाजूला ठेवावासा वाटला. लिहावयाचे तर सगळ्यांबद्दल. प्रश्न एवढाच की कुणासाठी. घरच्यांसाठी लिहिलेल्या पानावर वचन नसते, माहिती असते. पाहुण्यांसाठी लिहिलेल्या पानावर माहितीबरोबर वचन असते. आमची ४१ नावे मी एका वहीत उतरवून काढली, आणि प्रत्येकापुढे चार प्रश्न लिहिले. हे नसेल तर बाहेरच्याचे एखादे खरे काम अडते काय? पोटातली रचना न सांगता हे दोन ओळींत समजावता येते काय? हे पुढे बदलण्याचा आमचा विचार आहे काय? आणि हे चुकीच्या हाती पडले तर नुकसान कुणाचे?

पूर्णांकनाच्या फंक्शनाला पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे 'होय' आली. तिसऱ्यापाशी ती मुलगी अडली. तिला ते बदलावयाचे होते. ते बदलण्यात तिची मेहनत होती आणि तिचे गणित बरोबर होते. मी तिला त्या कारकुनाचे पत्र वाचावयास दिले. तिने ते दोनदा वाचले. "अर्धा पैसा सभासदाचा, असं आमच्याकडं पहिल्यापासून आहे," असे एक वाक्य त्यात होते. त्या वाक्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "हे मला कुणी सांगितलंच नव्हतं." थोड्या वेळाने म्हणाली, "दोन्ही ठेवते. कुठली रीत हवी ते ज्याचं त्याला सांगू दे. काही सांगितलं नाही तर जुनीच." यासाठी तिला तीन आठवडे जास्त खपावे लागले. बरोबर असूनही मागे सरण्याची किंमत तिने दिली, आणि त्या तीन आठवड्यांचा पुस्तकात कोठे उल्लेख नाही. पुस्तकांत तो नसतोच.

दिवस मोजण्याचे फंक्शन मात्र आम्ही आतच ठेवले, जरी त्याचीही मागणी होती. लीप वर्षाची त्यातली व्यवस्था आम्हांला मोडून नव्याने करावयाची आहे. आणि ज्याला दिवसांवरून व्याज हवे त्याचे काम ओसरीवरच्या फंक्शनाने भागते. गरज खरी, पण वाट दुसरी आहे, असे पत्रातून कळवावे लागले. काहींना राग आला.

चौथ्या प्रश्नाने सर्वांत जास्त वेळ घेतला. आमच्या प्रणालीत एक फंक्शन असे आहे की ते खातेवहीला लागलेले तात्पुरते कुलूप काढते. आत काम चाललेले असताना ते बाहेरून कुणी वापरले तर दोन नोंदी एकमेकींवर बसतील. माझे म्हणणे, याचे नाव पुस्तकात घ्यावे आणि स्पष्ट लिहावे की याला हात लावू नका, लावल्यास अमुक होईल. परसात विहीर असली तर पाहुण्याला ते सांगावे. रात्री तो अंधारात चालेल. वरिष्ठांचे म्हणणे, विहीर दाखविली की पोरे वाकून बघणारच. यावर आमचे मत पडले नाही, आणि अजूनही ते पान लिहिले गेलेले नाही. जाता येता आम्ही त्यावर वाद घालतो. मला वाटते, त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि माझ्याही.

शेवटी ४१ पैकी ६ नावे ओसरीवर आली. त्यांची अधोरेषा पुसली. ३ नावांपुढे 'अजून घडत आहे, बदलू शकेल' असे लिहिले. दारातल्या बाकावर बसविलेल्या मंडळींसारखी ती आहेत. उरलेली ३२ आत राहिली, पण त्यांचीही पाने मी लिहिली, घरच्यांच्या वहीत. उद्या ही मुलगी दुसऱ्या नोकरीला गेली तर तिच्या जागी येणाऱ्याला 'डु' कशासाठी होता हे कळावे म्हणून.

युनिक्स प्रणालीची पहिली पुस्तिका केन टॉम्सन आणि डेनिस रिची यांनी १९७१ च्या नोव्हेंबरात काढली. तिच्या पानांवर नाव, वापर, वर्णन हे मथळे तर होतेच. पण 'दोष' आणि 'धनी' असेही दोन मथळे होते. यात उणे काय, आणि याबद्दल विचारावयाचे कुणाला, हे ज्याने केले त्यानेच लिहून ठेवावयाचे. धंद्यात पहिल्यापासून असलेली ही चाल मला फार आवडते. पूर्णांकनाचे पान लिहिताना मी तिची नक्कल केली. पान सहा ओळींचे आहे. हे काय करते, अर्धा आला तर कोठे जाते, दुसरी रीत हवी असल्यास काय सांगावे. मग दोष: जुन्या यादीशी ताडून पाहताना दोन्ही यादींची रीत एकच असल्याची खात्री करावी. मग विचारणा कोणत्या पथकाकडे करावी ते. आणि शेवटची ओळ, जिच्यासाठी त्या मुलीची संमती मी तोंडी नव्हे, लेखी घेतली: ही रीत बदलावयाची झाल्यास दोन वर्षे आधी कळविले जाईल.

वार्षिक सभेच्या आधी त्या कारकुनांचा फोन आला. पान छापून त्यांनी लाभांशाच्या फायलीत लावले होते. लेखापरीक्षकांनी विचारले तर दाखविता यावे म्हणून. "इंग्रजी आहे," ते म्हणाले, "पण सहाच ओळी आहेत, मी खाली मराठीतनं लिहून ठेवलंय." काय लिहिले, असे मी विचारले. त्यांनी वाचून दाखविले. पाच ओळी माझ्याच होत्या. सहावीत त्यांनी माझे वाक्य वळसा न घेता सरळ केले होते: दोन वर्षं आधी सांगितल्याशिवाय बदलणार नाहीत.

मी ते तसेच आमच्या मुलीला सांगितले. तिने मान हलविली आणि तिच्या फळ्यावर, कामांच्या यादीच्या खाली, त्या तालुक्याच्या गावाचे नाव लिहिले. ते अजून पुसलेले नाही.